बारा शब्द कुठे कुठे सांडतात

मागच्या पावसाळ्यात आमच्या क्रिप्टो वॉलेट ॲपच्या सपोर्ट विभागाकडे सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांची तक्रार आली. त्यांचा फोन पाण्यात पडून कायमचा बंद पडला होता. नवा फोन घेऊन त्यांनी ॲप पुन्हा बसवले, वॉलेट परत आणण्यासाठी ॲपने सुरुवातीला दिलेले आणि वहीत जपून लिहिलेले बारा इंग्रजी शब्द टाकले, ॲपने ते विनातक्रार स्वीकारले आणि शिल्लक शून्य दाखवली. पैसे आम्ही खाल्ले असे त्यांनी स्पष्ट म्हटले नव्हते, पण पत्राचा रोख तोच होता.

सपोर्टच्या कोणीही, कोणत्याही कारणासाठी, ग्राहकाला ते बारा शब्द विचारायचे नाहीत हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. त्यामुळे फोनवर मी त्यांना फक्त एवढेच विचारले, की शब्द कोणत्या लिपीत लिहिले आहेत. ते म्हणाले, “देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चूक नको, म्हणून ऐकू येतात तसे लिहून घेतले.” मग मी म्हटले, “सर, तुमच्या वहीत ‘लिव्ह’ किंवा ‘लीव्ह’ असा काही शब्द आहे का, हे मला सांगू नका. असेल तर त्याच्या जागी दुसरा टाकून पाहा.” दोन मिनिटे फोनवर शांतता होती. नंतर ते हसले आणि म्हणाले, “ऱ्हस्व-दीर्घासाठी मी तीस वर्षे पोरांचे गुण कापले हो.”

ॲप हे शब्द ज्या ठरावीक यादीतून घेते, त्या यादीत जगणे या अर्थाचा ‘लिव्ह’ आहे आणि सोडून जाणे या अर्थाचा ‘लीव्ह’ही आहे. बीआयपी-३९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकातली ही २०४८ शब्दांची यादी इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज या भाषांत आहे. मराठी किंवा हिंदीत नाही. इंग्रजी यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसावीत याची काळजी ती करणाऱ्यांनी घेतली होती. ती काळजी रोमन लिपीत वाचणाऱ्या डोळ्यांसाठी होती. कानाने ऐकून देवनागरीत लिहिणारा माणूस त्यांच्यासमोर नव्हता.

चूक असूनही ॲपने शब्द स्वीकारले कसे, हा प्रश्न सरांनीही विचारला, आणि त्याचे उत्तर देताना वॉलेट म्हणजे नेमके काय हे सांगावे लागते. वॉलेटमध्ये पैसे नसतातच. पैशांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरातल्या संगणकांवर ठेवलेल्या एका सार्वजनिक खतावणीत असते. आपल्या फोनमध्ये असते ती त्या नोंदीवर सही करण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. ही संख्या तयार करण्यासाठी ॲप जणू १२८ वेळा नाणे उडवते, त्या निकालांना पडताळणीचे ४ बिट (बिट म्हणजे नाण्याच्या एका निकालासारखा ० किंवा १) जोडते, आणि झालेल्या १३२ बिटांचे अकरा-अकराचे बारा तुकडे करून प्रत्येक तुकड्याला यादीतला एक शब्द देते. पडताळणी अवघ्या ४ बिटांची असल्यामुळे एखादा शब्द चुकला तरी सोळांतून सरासरी एकदा ती चुकीची जुळणीही ‘बरोबर’ ठरते, आणि मग ॲप कोणतीही सूचना न देता एक वेगळेच, रिकामे वॉलेट उघडते. सरांच्या वाट्याला तो सोळावा भाग आला. त्यानंतर आम्ही शब्द दाखवण्याच्या पडद्यावर ‘रोमन अक्षरांतच लिहा’ अशी ठळक सूचना टाकली, आणि परत आणलेल्या वॉलेटवर एकही जुना व्यवहार सापडला नाही तर ॲप स्वतःच शब्द पुन्हा तपासायला सांगते.

ही गोष्ट सुरुवातीला सांगण्याचे कारण असे, की वॉलेट बनवायला घेतले तेव्हा आमच्या पाच जणांच्या टीमची बहुतेक भीती गणिताभोवती फिरत होती. प्रत्यक्षात एवढ्या वर्षांत गणिताने आम्हाला एकदाही दगा दिलेला नाही. दगा दिला तो फोनवरच्या साध्यासुध्या सोयींनी, आणि कधीकधी आम्ही स्वतः.

नाणे उडवण्याच्या जागी मात्र गणिताइतकीच शिस्त लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक (रँडम) संख्या देणाऱ्या यंत्रणेत दोष सापडला. बिटकॉइनच्या प्रत्येक सहीला एक नवी, एकदाच वापरायची गुप्त संख्या लागते. काही फोनवर तीच संख्या दोन सह्यांना वापरली गेली, आणि तसे झाले की दोन समीकरणे मांडून कोणालाही खाजगी किल्ली, म्हणजे सहीचा अधिकार देणारी ती मूळ गुप्त संख्या, काढता येते. त्याच महिन्यात आरएफसी ६९७९ हे मानक प्रसिद्ध झाले, ज्यात ही संख्या नशिबावर न सोडता संदेश आणि किल्ली यांच्यावरूनच काढली जाते. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका साधनात शब्द तयार करताना संगणकाच्या घड्याळावरून मिळालेले फक्त ३२ बिट वापरले जात असल्याचे उघड झाले. म्हणजे शक्यता सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण त्या सगळ्या तपासून संपवायला साधा संगणकही पुरतो. घड्याळ शून्यावर असताना जे शब्द निघतात त्यांतले पहिले दोन ‘मिल्क सॅड’, म्हणून या प्रकरणालाही तेच नाव पडले. यातली खरी अडचण अशी, की कच्च्या संख्येतून आलेले शब्द आणि पक्क्या संख्येतून आलेले शब्द दिसायला अगदी सारखे असतात. त्यामुळे आमचा नियम असा, की यादृच्छिक संख्या थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच घ्यायची आणि त्यात स्वतःची कलाकारी करायची नाही. वापरणाऱ्याला पडद्यावर बोट फिरवायला लावून ‘सुरक्षा वाढत आहे’ असे दाखवावे, अशी एक सूचना मार्केटिंगकडून आली होती. ती मी अजूनही विनोद म्हणून सांगतो.

शब्द तयार झाल्यावर ते ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. आयफोनच्या मुख्य चिपमध्येच सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा वेगळा, बंदिस्त भाग आहे आणि अँड्रॉइडमध्ये किल्ल्या सांभाळणारी कीस्टोर ही यंत्रणा आहे. किल्ली तिथेच जन्मावी, तिथेच राहावी आणि बाहेर फक्त सही यावी, ही आदर्श रचना. पण बिटकॉइन आणि इथेरियम सहीच्या गणितासाठी जी वक्ररेषा वापरतात तिचे नाव सेक-पी-२५६-के-१, आणि सिक्युअर एन्क्लेव्हला फक्त पी-२५६ ही वेगळी वक्ररेषा येते. नावात एवढे साधर्म्य असूनही दोघींचे पटत नाही. त्यामुळे तडजोड करावी लागते : चिपमध्ये एक वेगळी किल्ली ठेवायची, तिने आपले शब्द कुलूपबंद करून साध्या साठवणीत ठेवायचे, आणि सहीच्या वेळी काही क्षणांपुरते उघडायचे. त्या क्षणांत ते फोनच्या मेमरीत उघडे असतात, आणि आमची निम्मी मेहनत ते क्षण कमी करण्यात गेली आहे. सहा अंकी पिनला या रचनेत फार महत्त्व देऊ नये. पिनच्या शक्यता दहा लाख. फाइल फोनबाहेर गेली आणि कुलूप निव्वळ पिनवर असले, तर ते टिकणार नाही. पिनसोबत चिपमधली किल्ली लागली, तरच ती फाइल दुसरीकडे निरुपयोगी ठरते.

आता सांडण्याबद्दल. ॲपची पहिली आवृत्ती जावास्क्रिप्टमध्ये होती. त्या भाषेत मजकुराची साठवलेली ओळ बदलता किंवा पुसता येत नाही. प्रत्येक अक्षरागणिक नवी ओळ तयार होते. बारा शब्द टाकताना साठ-सत्तर अक्षरे होतात, आणि तेवढ्या अर्धवट प्रती मेमरीत, कचरा उचलणारी यंत्रणा येईपर्यंत, पडून राहतात. शब्दांना हात लावणारा सगळा भाग आम्ही रस्ट भाषेत पुन्हा लिहिला, जिथे काम झाल्याबरोबर ती जागा शून्यांनी भरून टाकता येते.

समाधानाने आम्ही चाचणी सुरू केली, आणि तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने फोन पुढे केला. सकाळी त्याने ॲपमध्ये चाचणीचे बारा शब्द टाइप केले होते. दुपारी मित्राला इंग्रजीत निरोप लिहिताना त्यातलाच एक शब्द सहज आला, आणि कीबोर्डने वरच्या पट्टीत पुढचा शब्द सुचवला. त्यावर बोट ठेवले तर त्याच्या पुढचा. आम्ही चौघे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होतो. कीबोर्डने क्रम पाठ केला होता, आणि त्या कीबोर्डचा शब्दसंग्रह मालकाच्या खात्यावर जतन होत होता. रस्टमध्ये शून्ये भरून आम्ही धन्य झालो होतो, आणि शब्द बाजूच्या खोलीत कोणीतरी पाठ म्हणत होते. तेव्हापासून शब्द टाकण्यासाठी ॲपचा स्वतःचा कीबोर्ड आहे. तो दिसायला बरा नाही, त्यावर तक्रारी येतात, आणि तो तसाच राहणार आहे.

दुसरी गोष्ट आमच्याच हातची. ॲप कोसळले की त्या वेळची स्थिती एका बाहेरच्या सेवेकडे अहवाल म्हणून जाते, म्हणजे आम्हाला दोष शोधता येतो. वॉलेट परत आणताना कोसळलेल्या एका चाचणी बिल्डच्या, म्हणजे चाचणीपुरत्या आवृत्तीच्या, अहवालात मी सहज खाली गेलो, तर ‘शेवटची क्रिया’ या रकान्यात बारा शब्द ओळीने मांडलेले. कोणीतरी दोष शोधताना एक ओळ लिहिली होती आणि काढायची राहिली होती. ते कोणीतरी मीच होतो. बिल्ड बाहेर गेले नव्हते, एवढेच नशीब. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरच्या हजारो वॉलेटमधून पैसे नाहीसे झाले, तेव्हा स्लोप नावाच्या वॉलेटच्या ॲपमधून शब्द उघड्या स्वरूपात अशाच नोंदींच्या सर्व्हरवर जात असल्याचे आढळले होते. त्या वेळी वाचताना ‘इतका निष्काळजीपणा कसा करतात’ असे मी म्हटल्याचे मला चांगले आठवते.

स्क्रीनशॉटबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा प्रकार उघड केला : गूगल आणि ॲपल या दोघांच्याही दुकानांतल्या काही ॲपमध्ये फोटो वाचून त्यातले वॉलेटचे शब्द शोधणारा कोड दडलेला होता. अँड्रॉइडवर शब्दांच्या पडद्याचा स्क्रीनशॉट बंद करता येतो. दुसऱ्या फोनने काढलेला फोटो आपण अडवू शकत नाही.

बाहेरून आणलेल्या पॅकेजचे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे, दुखणे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण वॉलेटवाल्यांना ते अधिक झोंबते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे सोपवली होती असे निष्पन्न झाले. त्या व्यक्तीने आत घातलेला कोड कोपे या एकाच वॉलेटच्या बिल्डमध्ये जागा होई, इतरत्र झोपून राही. आम्ही आता पॅकेजच्या आवृत्त्या गोठवून ठेवतो आणि कोणतीही नवी आवृत्ती काही आठवडे जुनी झाल्याशिवाय आत घेत नाही. तरुण मंडळींना हा म्हाताऱ्यांचा कारभार वाटतो.

आणि शब्द अजिबात न सांडताही पैसे जातात. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ज्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली, त्याला एका सहीवर नव्हे, चार सह्यांवर व्यवहार होत होता, आणि कंपनीच्या सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारी वेगळी उपकरणे, होती. पडद्यावर दिसत होता तो व्यवहार वेगळा आणि सही झाली तो वेगळा, असे कंपनीने नंतर सांगितले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले तेव्हाही किल्ल्या जागच्या जागी होत्या. सही करणाऱ्यांना जे वेबपान दिसत होते त्याचाच कोड बदललेला होता. कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये हे आपल्याकडे घराघरांत सांगितले जाते, पण सहीच्या बटणावर नुसती हेक्साडेसिमल पद्धतीतली अंक-अक्षरांची माळ दाखवली, तर तो कोरा मुद्रांकच झाला. आमच्या ॲपमध्ये व्यवहाराचा अर्थ लावता आला नाही तर तसे स्पष्ट शब्दांत लिहून येते, आणि कोणाला आपले टोकन अमर्याद खर्च करण्याची परवानगी देताना ‘अमर्याद’ हा शब्द मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसतो. हे काम अपुरे आहे. ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारांचे प्रकार आमच्यापेक्षा वेगाने वाढतात.

राहिली ती आमची रंगाची चाचणी. प्लंबर जशी पाण्यात रंग टाकून गळती शोधतो, तसे प्रत्येक रिलीजपूर्वी आम्ही एका कोऱ्या फोनवर नवेच बारा शब्द तयार करतो, दिवसभर ॲप मुद्दाम आडवेतिडवे वापरतो, ते दोन-चारदा कोसळवतो, आणि मग फोनचा बॅकअप, नोंदी, नेटवर्कवरून गेलेली प्रत्येक गोष्ट आणि ॲपच्या सगळ्या फाइल्स यांत ते शब्द शोधतो. मागच्या महिन्यातल्या चाचणीत मजकुराच्या शोधात काहीच सापडले नाही. संध्याकाळी आमच्यातल्या एका मुलीने आयफोनच्या फोल्डरमधली चित्रेही उघडून पाहिली. शब्दांचा पडदा उघडा असताना कोणी दुसऱ्या ॲपवर गेले, की आयफोन त्या पडद्याचे एक छायाचित्र स्वतःच काढून ठेवतो. आम्ही वर पांढरा पडदा टाकतो, पण आमचा पडदा हळुवार उतरत होता, आणि छायाचित्र तो पूर्ण उतरण्याआधीच निघाले होते. खालच्या चार ओळी झाकलेल्या नव्हत्या. नववा शब्द तर चष्म्याशिवाय वाचता येत होता. आम्ही तो हळुवारपणा काढून टाकला आणि रिलीज दोन दिवस पुढे ढकलले.