सकाळी केमिस्ट्री, दुपारी बेसबॉल

अमेरिकेतल्या टेक्ससमधल्या आमच्या मिडलंड शहरात माझ्या मुलाला केमिस्ट्री शिकवणारे सरच त्याच्या बेसबॉल संघाचे कोच आहेत. हा योगायोग नाही. टेक्ससमधल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा यूआयएल ही संस्था चालवते आणि तिच्या नियमानुसार हायस्कूलचा कोच साधारणपणे त्या शाळा-जिल्ह्याचा (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा) पूर्णवेळ कर्मचारीच असावा लागतो. त्यामुळे बहुतेक कोच दिवसभर वर्गावर असतात आणि दुपारनंतर मैदानावर. कोचिंगचा भत्ता पगाराव्यतिरिक्त मिळतो खरा, पण त्यासाठी किती राबावं लागतं ते बघितल्याशिवाय कळत नाही.

मार्चमधल्या एका सामन्याला मी जरा लवकर पोचलो. सर छोट्या गाडीमागे लोखंडी जाळी बांधून मैदानाच्या आतल्या भागाची, म्हणजे इनफिल्डची, माती सपाट करत होते. मग पाइपने पाणी मारलं, पांढऱ्या रेघा आखल्या. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, बाकावर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. आमच्याकडचा वारा म्हणजे काही विचारू नका, म्हणून गठ्ठ्यावर बॉल ठेवलेला. संघ आला तेव्हा दोन-चार पेपर तपासूनही झाले होते.

आपल्याकडे राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. इथे उलटं आहे. 1984 पासून कायदाच आहे की एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले तर काही आठवडे सामना खेळायचा नाही; सध्या निदान तीन. सराव तेवढा करता येतो. मग संघाच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, केमिस्ट्रीची समीकरणं जमत नसतील तर ती सरांचीच डोकेदुखी. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. पोराचा अभ्यास आणि खेळ दोन्ही एकाच माणसाच्या नजरेखाली राहतात.

इथून सव्वा तासाच्या अंतरावर बिग लेक नावाचं तेलाच्या विहिरींचं छोटं गाव आहे. तिथल्या रेगन काउंटी हायस्कूलमध्ये जिम मॉरिस विज्ञान शिकवायचे आणि बेसबॉलचे कोच होते. डावखुरे पिचर. 1983 मध्ये मिलवॉकी ब्रूअर्स या व्यावसायिक संघाने त्यांना निवडलं होतं, पण हाताच्या दुखापती आणि शस्त्रक्रियांमुळे खालच्या लीगच्या वर जाता आलं नाही. मग मास्तरकी धरली. 1999 च्या हंगामात ते मुलांना स्वप्नं सोडू नका म्हणून सांगू लागले, तर मुलांनी त्यांनाच धरलं: मग तुमचं काय? पैज लागली. आम्ही डिस्ट्रिक्ट स्पर्धा जिंकलो तर तुम्ही व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीला जायचं.

मुलं जिंकली. मॉरिस सर टॅम्पा बे या संघाच्या चाचणीला गेले आणि बॉल ताशी 98 मैलांनी, म्हणजे जवळजवळ 158 किलोमीटरच्या वेगाने टाकू लागले. 18 सप्टेंबर 1999 ला आर्लिंग्टनमध्ये टेक्सस रेंजर्सविरुद्ध ते मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, उतरले, वयाच्या 35 व्या वर्षी, आणि पहिल्याच बॅटर रॉइस क्लेटनला स्ट्राइकआउट करून बाद केलं. पुढच्या वर्षी हात पुन्हा दुखू लागला; एकूण 21 सामने, 15 इनिंग्ज.

इकडे सगळे आर्लिंग्टनच्या त्या संध्याकाळचंच कौतुक करतात, त्यावर सिनेमाही निघाला. मला मात्र त्याआधीचं जास्त मोलाचं वाटतं. मॉरिस मुलांना बॅटिंगच्या सरावासाठी स्वतः बॉल टाकायचे. मेजर लीगचा विचार केव्हाच मागे पडला होता; समोरच्या पोराला वेगवान बॉल खेळता यावा एवढाच उद्देश. आणि त्यांचा बॉल कसा येतो हे कुठल्याही स्काउटच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू शोधणाऱ्याच्या, आधी त्या पोरांना माहीत होतं. म्हणून तर पैज लावायची हिंमत झाली. मास्तर रोज आपल्याबरोबर मैदानात उतरत असेल तरच मुलं त्याला असं बोलू शकतात.