आमची वाटचाल : जुनी पवनचक्की ठेवायची की बदलायची

नागपूरजवळ पवनचक्की चालेल असा वारा नाही, पण पवनचक्क्यांचे मालक इथे आहेत. 80 टक्के वेगवर्धित घसारा (यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी करपात्र नफ्यातून वजा करण्याची सवलत) मिळत होता त्या काळात हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या काही कारखानदारांनी साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला एक-दोन यंत्रं घेतली. आमचं वर्कशॉप मुळात कोळसा खाणींच्या कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सचं. याच गिऱ्हाइकांमुळे 225, 350, 500 किलोवॅटच्या यंत्रांचे गिअरबॉक्स आणि जनरेटर हिंगण्याला येऊ लागले. आता मालक आधी विचारतात : हिच्यावर आणखी पैसे घालायचे का? त्यामुळे दुरुस्तीइतकंच तपासणीचं काम वाढलं आहे.

20 वर्षं हे संकल्पित आयुष्य असतं, तेही कागदावर धरलेल्या वाऱ्यासाठी. खरं आयुष्य त्या जागी धातूला आणि पात्याला किती थकवा आला यावर ठरतं. हिशोबात पोलादासाठी भाराचा घातांक साधारण 4 आणि काचतंतूच्या पात्यासाठी 10 धरतात, म्हणजे थकवा भाराच्या चौथ्या किंवा दहाव्या घाताने वाढतो. प्रत्यक्ष भार संकल्पित भाराच्या 90 टक्के असेल तर टॉवरचं आयुष्य दीडपट होतं, पात्याचं जवळजवळ तिप्पट. उलट कड्याच्या तोंडाशी वारा खळबळून येतो. तिथे भार 10 टक्क्यांनी वाढला तर पात्याचं आयुष्य निम्म्याहूनही कमी भरतं. म्हणून एकाच वर्षी उभ्या राहिलेल्या शेजारच्या दोन यंत्रांना आम्ही वेगवेगळा सल्ला देतो.

तपासणी पायापासून सुरू करतो, कारण पाया, टॉवर आणि नॅसेलची (टॉवरच्या डोक्यावरची, गिअरबॉक्स-जनरेटर असलेली पेटी) मुख्य फ्रेम बदलता येत नाही. बाकी सगळं बदलता येतं. जुन्या यंत्रांत टॉवरखालची पोलादी रिंग काँक्रीटमध्ये गाडलेली असते. कडेचं सीलंट तडकलं की पावसाचं पाणी आत उतरतं. वाऱ्याने रिंग वर-खाली हलते आणि खालच्या फ्लँजजवळचं (रिंगच्या रुंद कडेजवळचं) काँक्रीट दळलं जातं. कडेने राखाडी चिखल बाहेर येताना दिसला की समजावं, आत पोकळी झाली आहे. भर वाऱ्यात डायल गेज लावून ही हालचाल मोजायची आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा मोजायची. एका आकड्यावरून फार काही कळत नाही, वाढीवरून कळतं. इपॉक्सी ग्राउट दाबाने भरून हालचाल थांबली आणि पाणी बंद झालं, तर पाया वाचतो. ग्राउटनंतरच्या पावसाळ्यातही चिखल येत राहिला, तर त्या यंत्राच्या गिअरबॉक्सवर खर्च करू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग ते काम आमच्याच वर्कशॉपला मिळणार असलं तरी.

टॉवरच्या फ्लँजचे 10.9 ग्रेडचे बोल्ट टॉर्क करून बघतो. एकाच बाजूचे बोल्ट वारंवार सैल होत असतील तर नुसतं आवळून भागत नाही, फ्लँजची सपाटी तपासावी लागते. मुख्य शाफ्टला अल्ट्रासॉनिक तपासणी हवीच.

सह्याद्रीच्या पठारावर पावसाळाभर वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो, त्यामुळे यॉ रिंगचे, म्हणजे यंत्राचं तोंड वाऱ्याकडे फिरवणाऱ्या दातेरी रिंगचे, दात एकाच पट्ट्यात झिजतात. बाकी रिंग नवी दिसते आणि वरवर बघणारा फसतो. झीज नेमकी पश्चिमेला तोंड असतानाच्या दातांवर मोजावी.

गिअरबॉक्समध्ये बहुधा हाय स्पीड शाफ्टचं (जनरेटरकडच्या वेगवान शाफ्टचं) बेअरिंग आधी जातं. ते टॉवरवरच, क्रेन न आणता बदलता येतं. प्लॅनेटरी टप्प्यात (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात त्या भागात) बिघाड असेल तर मात्र गिअरबॉक्स खाली आणावा लागतो, आणि छोट्या यंत्राला क्रेनचाच खर्च जड जातो. तेलाची स्वच्छता चालू यंत्रात 16/13 च्या (तेलातले कण मोजण्याचा ISO संकेतांक) आत आणि पाणी 500 पीपीएमच्या खाली असावं. जनरेटर रीवाइंड करणं त्यामानाने सोपं. जुन्या कंट्रोलरचं कार्ड मिळत नाही, पण संपूर्ण पॅनेल नवं बसवता येतं.

आता बदलण्याची बाजू. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लहान यंत्रं सगळ्यात चांगल्या वाऱ्यावर बसली आहेत, हे नुकसान डोळ्यांना दिसतं. 33 मीटर व्यासाचा रोटर (पात्यांचं चक्र) सुमारे 855 चौरस मीटर वारा पकडतो, 111 मीटरचा सुमारे 9,680, म्हणजे अकरापट. पण यंत्रांमधलं अंतरही व्यासाच्या पटीत ठेवावं लागतं. डोंगराच्या धारेवर एकच रांग असेल आणि पाच व्यासांचं अंतर धरलं, तर साडेतीनच्या आत जुनी यंत्रं काढून एक नवं बसतं आणि पकडलेला वारा तिपटीहून वाढतो. सपाट पठारावर मागेपुढे रांगा असतील, तर अकरा यंत्रांची जागा एकाला लागते. तिथला फायदा मुख्यतः वाढलेल्या उंचीचा. धारेवर बदला, पठारावर दोनदा हिशोब करा, असं आमचं मत आहे.

मात्र धारेवरची ती तीन-चार यंत्रं बहुतेक वेळा तीन-चार मालकांची असतात. जुनी यंत्रं बदलण्याच्या केंद्राच्या 2016 च्या धोरणात 1 मेगावॅटपर्यंतची यंत्रं होती; 2023 च्या धोरणाने 2 मेगावॅटखालची यंत्रं घेतली आणि आयुष्य वाढवण्याचा मार्गही मान्य केला. शेजाऱ्यांशी लेखी करार झाल्याशिवाय कुठल्याच धोरणाचा उपयोग नाही. 54 मीटरचं पातं घाटाच्या वळणांतून जाईल का, हेही आधी मोजून घ्यावं. जुना पाया नव्या यंत्राला चालत नाही. रस्ता, जमीन आणि वीजवाहिनी उपयोगी पडते.

ठेवायचं ठरलं तर आमची कसोटी एकच : दुरुस्ती, क्रेन आणि बंद काळ धरून सगळा खर्च पुढच्या तीन पावसाळ्यांच्या निव्वळ उत्पन्नातून निघाला पाहिजे. 16 टक्के क्षमता वापर असलेलं (वर्षभर पूर्ण क्षमतेने चाललं तर मिळेल त्याच्या 16 टक्के वीज देणारं) 350 किलोवॅटचं यंत्र वर्षाला सुमारे 4.9 लाख युनिट देतं, आणि त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबरचा. म्हणून पायाची हालचाल पावसाळ्यात मोजतो, बाकी तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. गिअरबॉक्स डिसेंबरात नागपूरला यावा आणि एप्रिलअखेर परत चढावा. येताना दहा वर्षांचे महिनावार युनिट, तेलाचे अहवाल आणि बंद काळाची नोंदवही सोबत आणावी. मेच्या मध्यानंतर पठारावर उचलण्याचं काम आम्ही घेत नाही, कारण वाऱ्याचा वेग सेकंदाला 8-10 मीटरच्या वर गेला की रोटर सुरक्षितपणे उचलता येत नाही.