रिकामा ठोका

दुपारी डोळा लागता लागता कुठेतरी लोखंडावर हातोडा पडला. ठण्ण. मी वाट पाहिली, पण मागचे दोन बारीक ठोके आलेच नाहीत. पुन्हा ठण्ण, पुन्हा नुसतीच शांतता. झोप गेली ती गेलीच.

ही माझी जुनी खोड. घाव बसला की मागोमाग ऐरणीवर टिण-टिण व्हायलाच हवं. नाही झालं तर शिंक अडकल्यासारखं वाटतं.

दोष लहानपणीच्या एका भट्टीचा. आत कायम अंधार. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तोवर मला वाटायचं, मामांना दिवा लावायचा कंटाळा आहे. त्यांना मामा का म्हणायचो तेही ठाऊक नाही. ते भात्याची साखळी माझ्या हातात द्यायचे आणि मी जीव खाऊन ओढायचो. ‘अरे, भात्याला धाप लावू नकोस,’ एवढंच बोलायचे. निखारे फुलायचे. लोखंड लाल, केशरी, पिवळं होत जायचं. पांढरं पडून ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे जळलं, मग मामांची नजर माझ्याकडे. पुढे शाळेत शिकलो, की 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला ओळख दाखवत नाही. मामांना ना अंश लागले ना चुंबक.

सांडशीत धरलेला तुकडा ऐरणीवर यायचा. ठण्ण, टिण-टिण. ठण्ण, टिण-टिण. एकदा विचारलं, ‘मामा, रिकाम्या ऐरणीवर कशाला मारता?’

‘हात थांबला की जड होतो,’ म्हणाले. आणि लगेच, ‘ओढ.’

खरंच आहे ते. तेवढ्या वेळात ते तुकडा वळवून घेत, पुढचा घाव कुठे घालायचा ते बघत, आणि हातोडा आपला उड्या मारत हातातच खेळत राही.

पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडात, डेव्हनमधल्या स्टिकलपाथला गेलो होतो. तिथे फिंच घराण्याचा कारखाना जपून ठेवलाय. नाव फाउंड्री, पण ओतकाम नाही. विळे, कोयते, फावडी अशी हत्यारं ठोकून घडवायची जागा. 1814 ते 1960 एकाच घराण्याकडे होती, आता नॅशनल ट्रस्ट ही तिथली वारसा जपणारी संस्था सांभाळते. जिवंत संग्रहालय म्हणतात ते हे. ओढ्याच्या पाण्यावर तीन चाकं: एक भले थोरले हातोडे उचलतं, एक भट्टीला वारा घालतं, एक सहाण फिरवतं. सहाणेवर धार लावणारा माणूस म्हणे फळीवर पालथा पडून काम करायचा. त्या फळीपाशी मी उगीचच बराच वेळ उभा राहिलो. दिवसभर पोटावर झोपून नाकासमोर दगड फिरताना बघायचा, हे कुठल्या काचेच्या कपाटात मावणार?

मग पाणी सोडलं. चाक कुरकुरलं, फिरलं आणि हातोडा पडायला लागला. ठण्ण ठण्ण ठण्ण. पायाखालची जमीन हादरली. सगळे खूश. मी मात्र मनातल्या मनात टिण-टिण शोधत होतो. पण पाण्याचा हात कशाला जड होतोय? त्याला थांबून बघायचंच नसतं.

छान जपलंय, यात शंका नाही. चामडं वापरलं नाही तर भाता कडक होऊन तडकतो, चाक फिरलं नाही तर लाकूड वाळतं. अशा जागा वापरात ठेवल्या तरच टिकतात. मामांच्या भट्टीत काय काय होतं ते मला आज आठवायला सांगाल, तर साखळीपलीकडे फार जाता येणार नाही.

बाहेरचा हातोडा एव्हाना थांबला होता. मी कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटानं दोनदा वाजवलं.

‘कोण आलंय?’ आतून हाक आली.

‘कोणी नाही,’ म्हटलं आणि कूस बदलली.