आमचं बिनसलं आणि नावाडीण मागे राहिली

चार वर्षं आम्ही दोघी एका रोलप्लेमध्ये नवरा-बायको होतो. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर लिहून खेळायचा खेळ, नदीकाठच्या एका राज्याची गोष्ट, दहा-बारा खेळाडू आणि खेळ चालवणारा एक गेममास्टर. माझी नावाडीण, तिचा वैद्य. मराठीतून खेळत असल्यामुळे एक सोय आपोआप झाली होती. पात्राबाहेरचं, म्हणजे ओओसी बोलणं दुहेरी कंसात टाकायचं असा नियम होता, पण ती कंस विसरली तरी क्रियापद सांगायचं. 'येतो' म्हणजे वैद्य, 'येते' म्हणजे ती.

भांडण खेळाबाहेरचं होतं. मी विश्वासानं सांगितलेली एक गोष्ट तिनं दुसऱ्यांना सांगितली. तिचं म्हणणं, मी तिला सीनसाठी धरून बसते, तिनं आणखी कुणाबरोबर लिहिलं की अबोला धरते. दोन्ही खरं होतं. तीन रात्री भांडलो आणि चौथ्या दिवशी तिनं मला ब्लॉक केलं.

सीन मात्र अर्धाच राहिला. नावाडीण धक्क्यावर उभी होती आणि वैद्याची शेवटची ओळ होती, 'दिवा लावून ठेव, औषधं घेऊन आलोच.'

पहिल्या रात्री मी त्याला मारलं. उलटी झालेली नाव, पाण्यावर तरंगणारी औषधांची झोळी, असा परिच्छेद लिहिला. चांगला उतरला होता. टाकला मात्र नाही. दुसऱ्याच्या पात्राचं बरंवाईट त्याच्या संमतीशिवाय करायचं नाही, हा या खेळातला अगदी पहिला नियम. पण मला खरं थांबवलं ते त्या परिच्छेदातल्या रागानं. तो नावाडिणीचा नव्हताच. तिला बिचारीला काय माहीत? तिच्या लेखी नवरा औषधं आणायला गेला होता, बस्स. खेळाडूच्या भावना पात्रात आणि पात्राच्या खेळाडूत झिरपतात, त्याला ब्लीड म्हणतात. एमिली केअर बॉस या गेम डिझायनर बाईंनी 2007 मध्ये हा शब्द दिला. मी तो दुसऱ्यांना समजावून सांगत आले होते. स्वतःच्या लिखाणात ओळखायला मला एक रात्र लागली.

गेममास्टरकडे गेले. त्यानं आमची मैत्री जुळवायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. त्यानं एवढंच विचारलं, 'तुला काय वाचणं सोसणार नाही? आणि या दोघांवर आणखी कोण अवलंबून आहे?'

दुसऱ्या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. आमच्या पात्रांनी एक मुलगी सांभाळली होती आणि ती तिसरीच खेळाडू लिहीत होती, दोन वर्षं. तिनं मला मेसेज केला होता, 'ताई, बाकी काही सांगू नकोस. माझा बाबा जिवंत आहे की नाही तेवढं सांग.'

मग पर्याय पाहिले. रेटकॉन, म्हणजे लग्न झालंच नव्हतं असं धरायचं, तर लेकीची दोन वर्षं पुसली जात होती. दुसरा मार्ग पात्र नव्या हाती देण्याचा. जुन्या मजकुरी खेळांत, मश म्हणतात त्यांत, रोस्टरची पद्धत आहे: तयार पात्रं असतात, एक खेळाडू गेला की दुसरा ते पात्र पुढे चालवतो. पण वैद्य तिनं स्वतः घडवलेला. तो दुसऱ्याच्या हातून बोलणं मला सोसलं नसतं, आणि तिलाही नाही. शेवटी गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांची लाइन्स आणि व्हेल्सची, म्हणजे रेघा आणि पडद्यांची, कल्पना कामी आली. लाइन म्हणजे जे खेळात येणारच नाही. व्हेल म्हणजे जे घडतं, पण पडद्याआड. दोघांची भेट ही लाइन ठरली, त्याचं जाणं व्हेल.

सगळ्यांनी एकच हकिगत धरून चालावं म्हणून तीन वाक्यं ठरवायची होती. गेममास्टर मध्ये राहून मसुदे नेत-आणत होता. मी लिहिलं, 'वरच्या गावांत साथ आली. वैद्य न सांगता तिकडे गेला. तो तिथेच राहिला.' तिनं 'न सांगता' खोडलं आणि 'लेकीला निरोप ठेवून' असं घातलं. मला ते फार लागलं. लेकीला निरोप, आणि बायकोला? दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. पण तो तिचा होता. तो कसा माणूस आहे हे ठरवणं तिच्याच हातात असायला हवं. तिनं चौथं वाक्यही जोडलं होतं, 'नावाडिणीनं त्याला माफ केलं.' ते मी खोडलं. नावाडीण माझी आहे. तिनं ते मान्य केलं.

पुढचं बरंचसं नुसतं पाळायचं होतं. आम्ही दोघी एका सीनमध्ये येणार नाही, निरोप कुणी पोचवणार नाही, मला कुणी काही विचारणार नाही. एकदा माझ्याकडून चूक झाली. नावाडीण बाजारात कुणाला तरी म्हणाली, 'पोटातलं गुपित चव्हाट्यावर मांडणारी माणसं नदीनंही घेऊ नयेत.' लेकीच्या खेळाडूनं खाली लिहिलं, '((हे त्याला आहे की तिला?))' मी पोस्ट काढून टाकली आणि गेममास्टरला स्वतःहून कळवलं.

त्याच सुमारास जुने लॉग, म्हणजे आधीच्या सीनची नोंद, वाचायला घेतले, वैद्य काय काय बोलला होता ते लेकीला हवं होतं म्हणून. भांडणाच्या तीन आठवडे आधीचा एक सीन सापडला. वैद्य बोलत असताना मध्येच एक ओळ: 'मी थकलेय. आज नको.' कंस नव्हते. मी तेव्हा ती टायपिंगची चूक समजले होते. खाली माझी ओळ होती: नावाडीण त्याचं डोकं चेपू लागते.

त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही.

आठ महिन्यांनी नावाडिणीला धक्क्यावरून हलवायचं ठरवलं. दिवा लेकीला द्यायचा होता. दिवा मुळात वैद्याचा, म्हणून सीन आधी गेममास्टरमार्फत तिच्याकडे पाठवला. नावाडीण काच पुसते, वात कापते, तेल किती उरलंय ते हलवून पाहते, एवढंच त्यात होतं. संध्याकाळी उत्तर आलं.

'ठीक आहे. मी वाचलं.'

या क्रियापदावरून काहीच कळत नव्हतं, तो म्हणतोय की ती. मी सीन टाकला. लेकीनं दिवा हातात घेतला आणि विचारलं, 'वात एवढी आखूड का कापलीस, आई?'