हलगीचं मॅपिंग: तापलेली आणि उतरलेली

हलगीचा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके कीबोर्ड-पॅडवरून वाजवायचं सॉफ्टवेअर वाद्य, आता वाजवण्याइतका तयार झालाय. तबला-ढोलकीच्या लायब्ऱ्या ढिगाने मिळतात. हलगी मात्र शोधायला गेलं की बहुतेक वेळा तयार लूपच हाती येतात, आणि मला हवे होते सुटे ठोके. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत केलेलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, पण त्यात हलगीपेक्षा गर्दीच जास्त. ते फक्त चाल आणि लय ताडून बघायला ठेवलंय. सुटे ठोके ओळखीच्या एका हलगीवाल्या मामांकडून घेतले, भर दुपारी, पंखा बंद करून. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

खरा घोळ कातड्याचा. हलगी शेकली की कातडं ताणतं, आवाज चढा आणि टणक येतो. वाजवता वाजवता ते थंडावतं आणि आवाज खाली येतो. मामा मध्येच थांबायचे, “उतरली बघ, शेकू दे जरा.” कोरड्या उन्हाळी हवेत ताण त्यातल्या त्यात टिकतो, पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि लगेच सैल पडतं. त्यामुळे एकाच बैठकीतला पहिला ठोका आणि शेवटचा ठोका जुळत नाहीत.

सगळे ठोके एका सुरात ओढून घ्या, असा सल्ला अशा वेळी मिळतो. मला तो पटत नाही. सॅम्पलरमध्ये पिच चढवला की सॅम्पल वेगाने वाजतं, ठोका आखडतो, आणि टिपरू (वाजवायची काठी) पडतानाचा कडक आवाज खेळण्यातल्यासारखा होतो. म्हणून मी दोन संचच वेगळे ठेवले, तापलेली आणि उतरलेली. एसएफझेड फाइलमध्ये (कुठल्या कीवर कुठलं सॅम्पल वाजायचं ते लिहायची साधी टेक्स्ट फाइल) कीस्विच लावलाय: २४ नंबरची की दाबली की तापलेला संच, २५ दाबली की उतरलेला. गाण्याच्या सुरुवातीला उतरलेली आणि चाल चढल्यावर तापलेली, हे ऐकायला झकास लागतं.

की मी नंबरानेच लिहितो, सुराच्या नावाने नाही. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरच्या बोलीत, ६० नंबर एका सॉफ्टवेअरमध्ये सी३ असतो, दुसऱ्यात सी४. पॅडवाल्यांच्या सोयीसाठी ठोके ३६ पासून वर मांडलेत: ३६ मध्यावरचा, ३७ काठावरचा, ३८ बारीक काडीचा, ३९ हाताने दाबलेला. प्रत्येक ठोका एकाच कीवर, पसरवलेला नाही.

जोराचे तीन थर आहेत: १ ते ४५, ४६ ते ९५, ९६ ते १२७. इथे एक गोष्ट सांभाळा. प्रत्येक फाइल वेगवेगळी नॉर्मलाइज करू नका, म्हणजे तिचा आवाज कमाल पातळीपर्यंत वाढवू नका, नाहीतर हळू ठोकाही तितक्याच आवाजात येतो आणि थरांना अर्थ उरत नाही. मी सगळा संच एकत्र वाढवला, त्यामुळे थरांमधला नैसर्गिक फरक राहिला. पण एसएफझेडमध्ये व्हेलॉसिटीनुसार (की किती जोरात दाबली त्यानुसार) आवाज कमी-जास्त करणारं सेटिंग मुळातच १०० वर असतं. रेकॉर्डिंगमधला फरक आणि त्यावर हे, म्हणजे हळू ठोके ऐकूच येईनात. ते सेटिंग, म्हणजे अँप व्हेलट्रॅक, ३० वर आणल्यावर हाताला पटलं.

राउंड रॉबिनचं, म्हणजे एकाच ठोक्याची वेगवेगळी सॅम्पलं आळीपाळीने वाजवण्याचं, गणित जास्त मजेशीर निघालं. आधी चार फेऱ्या ठेवल्या होत्या. एका मित्राने हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाला, “काय बे, मशीन वाटायलंय.” आवर्तनात मध्यावरचे ठोके चार असले की दर आवर्तनाला त्याच जागी तेच सॅम्पल येतं. रँडम केलं तर अधूनमधून एकच सॅम्पल लागोपाठ दोनदा पडतं, ते तर आणखीच टोचतं. फेऱ्या पाच केल्या आणि सीक्वेन्सची लांबीही ५ केली. आता जागा सरकत राहते.

दाबलेल्या ठोक्याने आधीचा उघडा ठोका तोडायला हवा. त्यासाठी उघडे ठोके ग्रुप १ मध्ये टाकून त्यांना ‘ऑफ बाय २’ (ग्रुप २ वाजला की बंद हो) दिलं, आणि दाबलेला ग्रुप २ मध्ये. ठोका कसा बंद व्हायचा ते ठरवणारा ऑफ मोड ‘फास्ट’ असताना टिक् असा आवाज यायचा. ‘नॉर्मल’ करून रिलीज (आवाज विरायचा वेळ) ०.०६ सेकंद ठेवल्यावर गेला.

फाइलींची नावं रोमनमध्ये, स्पेस न देता: आधी संच, मग जागा, मग जोर, मग फेरी. एसएफझेड फाइलमधला पाथ सापेक्ष ठेवलाय, त्यामुळे अख्खं फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर टाकलं तरी ‘सॅम्पल सापडत नाही’ ही बोंब होत नाही.

पुढचं काम अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यातल्या पॉवरलूमचं. रेकॉर्डिंग झालंय, दोन टोकांना दोन माईक लावून. धोटा इकडून तिकडे जाताना आवाजही डावीकडून उजवीकडे पळतो. तो लूप मात्र एकाच कीवर बसवणार आणि पिच कीट्रॅक (कीनुसार सूर बदलणारं सेटिंग) ० ठेवणार. की बदलली आणि माग भलत्याच वेगात पळायला लागला, तर खाली वाजणाऱ्या हलगीची लय कशाला धरायची?