पीएस५ वर एफसी गोवा: ई-फुटबॉल २०२२ मध्ये जे उरलं नाही, ते पेस २०२१ मध्ये बांधताना

सध्याची स्थिती: कोनामीच्या पेस (प्रो इव्होल्यूशन सॉकर) २०२१ या फुटबॉल गेममध्ये हाताने बांधत असलेला एफसी गोवाचा एप्रिल २०२१ चा एएफसी चॅम्पियन्स लीग (आशियाई क्लबांची स्पर्धा) संघ पूर्ण. किट, लोगो, प्रशिक्षक, डावपेच सगळं बसलंय. रेटिंग दुसऱ्या फेरीच्या तपासणीत आहे. मुंबई सिटीचा २०२२ चा संघ अर्धा झालाय.

प्लेस्टेशन ५ (पीएस५) या नव्या कन्सोलवर जुना गेम का, हे आधी सांगून टाकतो, कारण नव्याने येणारे हेच विचारतात.

कोनामीने पेस २०२१ हा फक्त 'सीझन अपडेट' म्हणून काढला आणि सगळी ताकद पुढच्या पिढीच्या गेमवर लावत असल्याचं सांगितलं. तो गेम म्हणजे ई-फुटबॉल २०२२. ३० सप्टेंबर २०२१ ला तो फुकट आला, आवृत्ती ०.९.०. क्लब नऊ: बार्सिलोना, बायर्न, युव्हेंटस, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, कोरिंथियान्स, फ्लामेंगो, साओ पावलो आणि रिव्हर प्लेट. मास्टर लीग (एक क्लब हंगामामागून हंगाम सांभाळायचा प्रकार) नाही, एडिट मोड (संघ, किट आणि खेळाडू स्वतः बदलण्याची सोय) नाही. दुसऱ्याच दिवशी कोनामीला जाहीर माफी मागावी लागली. पासचा वेग, बचावाची नियंत्रणं, चेहऱ्यांचे हावभाव, चेंडूची वागणूक, अशा तक्रारींची कबुली त्या निवेदनातच होती. दुरुस्तीची ०.९.१ ऑक्टोबरअखेर यायची ती ५ नोव्हेंबरला आली आणि १.०.० साठी १४ एप्रिल २०२२ उजाडला.

मेस्सी-रोनाल्डोच्या चेहऱ्यांचे फोटो सगळीकडे फिरले. आमच्या मते चेहरे ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण होती. खरी गोची पायाखालच्या यंत्रणेत होती. पेस २०१४ पासून वापरात असलेलं, गेम ज्यावर चालतो ते फॉक्स इंजिन सोडून अनरियल इंजिन घेतलं, आणि सोबत मोशन मॅचिंग आणलं. मोशन मॅचिंगमध्ये ठरलेल्या अ‍ॅनिमेशनच्या साखळ्या नसतात. खेळाडूच्या शरीराची आत्ताची ठेवण आणि पुढच्या क्षणी त्याने जायचा मार्ग, या दोन्हींना सर्वांत जवळची चौकट मोठ्या साठ्यातून शोधली जाते. ठेवणीला जास्त वजन दिलं की हालचाल सलग दिसते, पण स्टिक वळवल्यावर खेळाडू उशिरा वळतो. मार्गाला जास्त वजन दिलं की तो लगेच वळतो, पण पाय गवतावरून घसरल्यासारखे दिसतात. ०.९.० मध्ये दोन्ही दोष एकाच सामन्यात दिसायचे: मोकळ्यावर धावताना पाय घसरतात आणि दोन बचावपटूंच्या मधून वळताना अर्धा क्षण काहीच घडत नाही. त्यात प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकायला सहकाऱ्याला बोलावण्याचं बटणच काढलं होतं. ते आणि खांद्याने ढकलणं १.०.० मध्ये आलं. म्हणजे बचाव करणाऱ्याच्या हातात सुरुवातीला एल२ बटण धरून समोर उभं राहणं, याखेरीज फारसं काही नव्हतं.

हे सगळं अपडेटने सुधारण्यासारखं होतं आणि बरंचसं सुधारलंही. एडिट मोडचं तसं नव्हतं. पेस विकत घेणारा मोठा वर्ग परवान्याअभावी खोट्या नावांनी आलेले संघ स्वतः खरे करून खेळायचा. आपल्याकडच्या क्लबांना तर तोच एक रस्ता होता. ई-फुटबॉलनंतर एका दिवसाने आलेल्या फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग पहिल्यांदा मिळाली, तिथे गोवा आणि मुंबई तयार सापडतात. पण एएफसी चॅम्पियन्स लीग तिथे नाही, आणि पेस २०२१ मध्ये आहे. फातोर्ड्यावर गोव्याने जे सहा सामने खेळले ते पुन्हा खेळायचे असतील तर पेसच हवा.

पीएस५ वर बसवताना

पेस २०२१ ची पीएस४ डिस्क पीएस५ वर सरळ चालते, अर्थात डिस्क ड्राइव्ह असलेल्या कन्सोलवरच. पीएस४ चा गेम असल्याने जुना ड्युअलशॉक ४ सुद्धा चालतो. ई-फुटबॉलच्या पीएस५ आवृत्तीला तो चालत नाही. गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवता येतो, आतली एसएसडी अडत नाही. एक्सबॉक्सवाल्यांनी इथेच थांबावं: तिथे पेसमध्ये बाहेरून चित्रं आणि संघ आयात करायची सोयच नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गेमचा शेवटचा अपडेट आणि शेवटचा डेटा पॅक. मग लाइव्ह अपडेट (खऱ्या संघांतले बदल इंटरनेटवरून आपोआप आणणारी सोय) बंद. मग आयात. डेटा पॅक नंतर टाकला तर खेळाडूंची जुळवणी बिघडते. लाइव्ह अपडेट चालू राहिला तर हाताने लावलेले संघ सामन्यात वेगळेच दिसतात आणि माणूस फाइलमध्ये चूक शोधत बसतो.

पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२. अगदी वरच्या पातळीवर एकच फोल्डर, नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत डब्ल्यू-ई-पी-ई-एस. सगळ्या पीएनजी (चित्रं) आणि टीईडी (संघांची माहिती) फाइल थेट त्यात, उपफोल्डर नको. झिप उलगडल्यावर बहुतेक वेळा त्याच नावाच्या फोल्डरमध्ये पुन्हा त्याच नावाचा फोल्डर तयार होतो आणि गेमला काहीच सापडत नाही, आतला फोल्डर बाहेर काढायचा. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल पेनड्राइव्हवर राहतात, त्या विंडोजवर जाऊन उडवा. पीएस५ ने ड्राइव्ह 'एक्स्टेंडेड स्टोरेज' म्हणून फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा. हो म्हटलं तर सगळं पुसलं जातं आणि तो ड्राइव्ह संगणकाला वाचता येत नाही.

आयातीच्या शेवटच्या पडद्यावर दोन चौकोन येतात. एक, त्याच नावाची चित्रं बदलायची का. दुसरा, खेळाडू आणि संघरचनाही लागू करायची का. नुसती किट सुधारायची असतील तर फक्त पहिला. दुसऱ्यावर खूण राहिली तर हाताने लावलेली रेटिंग जुन्या फाइलमधल्यांनी पुसली जातात. म्हणून आयातीआधी एडिट डेटाची प्रत ठेवायची. आणि हे सगळं मास्टर लीग सुरू करण्याआधी उरकायचं, चालू सेव्हमध्ये नव्या संघरचना येत नाहीत.

किट आणि आवाज

किटचं चित्र २०४८ बाय २०४८, पीएनजी. गोव्याचा केशरी रंग संगणकाच्या पडद्यावर बरोबर वाटतो आणि मैदानातल्या दुपारच्या उजेडात पिवळट होतो. तो थोडा लालकडे झुकवून गडद करायचा आणि रात्रीच्या सामन्यात पुन्हा बघायचा. शिवणी आणि घड्यांची सावली चित्रात रंगवू नका. गेम स्वतःची सावली टाकतो, दोन्ही मिळून काखेत काळे डाग पडतात. लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक हवी, नाहीतर स्कोअरबोर्डवर पांढरा चौकोन उमटतो.

समालोचकाने नाव घ्यावं यासाठी प्रत्येक खेळाडूला यादीतलं उच्चारित नाव देता येतं. इथे गोव्याच्या संघाला पोर्तुगीज आडनावांचा फायदा होतो: फर्नांडिस, मार्टिन्स, परेरा ही नावं ध्वनिमुद्रित सापडतात. 'ब्रँडन फर्नांडिस फ्री किक घेतोय' एवढ्या प्रसंगात 'फर्नांडिस' ऐकू आलं की सगळी मेहनत वसूल. जेसुराजसाठी काही मिळत नाही, तिथे रिकामं ठेवलंय.

चेहरे बाहेरून आणता येत नाहीत. गेममधल्याच साच्यातून घडवायचे. फातोर्ड्याचं स्टेडियमही आणता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचं, धावपट्टी नसलेलं तयार मैदान निवडून काम भागवलंय.

रेटिंग: इथेच सगळा वेळ जातो

मोजपट्टी खऱ्या निकालांची घेतली. एप्रिल २०२१ मध्ये गोवा ई गटात होता, सोबत पर्सेपोलिस, अल वहदा आणि अल रय्यान. अल रय्यान ०-०, अल वहदा ०-०, पर्सेपोलिस १-२, पर्सेपोलिस ०-४, अल रय्यान १-१, अल वहदा ०-२. सहा सामने, तीन बरोबरी, दोन गोल केले, नऊ खाल्ले, गटात तिसरा. खेळाडूंना आकडे असे द्यायचे की संगणक विरुद्ध संगणक सामन्यांत गोवा याच्या आसपास खेळेल: गोल क्वचित, हार निसटती, अधूनमधून एक मोठा पराभव.

सामन्याची वेळ १० मिनिटं, पातळी सुपरस्टार, खेळाचा वेग शून्य, म्हणजे गेमचा मूळ वेग. वेळ ५ मिनिटं ठेवली तर बरोबऱ्या फुकट मिळतात आणि अंदाज चुकतो.

पहिली मांडणी सरळ होती: परदेशी खेळाडू सत्तरीत, बाकीचे साठच्या आसपास. निकाल अगदीच एकतर्फी लागले. कारण पेसमध्ये वेग, प्रवेग आणि स्टॅमिना कमी असले की दुसऱ्या अर्धात रचनाच फुटते. मधली फळी परत येत नाही आणि सेंटरबॅक दोघांसमोर एकटा पडतो. यावर उपाय म्हणून फिनिशिंग वाढवलं तर गोवा गोल करायला लागतो, आणि ते खरं नाही. म्हणून हल्ल्याचे आकडे खाली ठेवून धावण्याचे आणि जागेचे आकडे वर नेले. ग्लॅन मार्टिन्स: स्टॅमिना ८०, डिफेन्सिव्ह अवेअरनेस ७०, बॉल विनिंग ७२, अ‍ॅग्रेशन ७५, खेळण्याची शैली अँकर मॅन. अँकर मॅन दिल्याबरोबर तो सेंटरबॅकच्या पुढची जागा सोडत नाही. मधून घुसणं या एका बदलाने जितकं कमी झालं तितकं कोणत्याही आकड्याने झालं नाही.

धीरज सिंगचे पाचही गोलरक्षक-आकडे सारखे देणं हा मोह टाळायचा. त्या स्पर्धेत तो उठून दिसला तो जवळून मारलेल्या फटक्यांवर. रिफ्लेक्सेस ७७, रीच ७४, अवेअरनेस ७०, क्लिअरिंग ६८, कॅचिंग ६६. कॅचिंग मुद्दाम कमी: चेंडू हातातून सुटून परत येतो आणि बचावाला दुसऱ्या चेंडूसाठी धावावं लागतं, सामना तसाच दिसायला हवा.

एदू बेदिया: बॉल कंट्रोल ७७, लो पास ७८, लॉफ्टेड पास ७६, हेडिंग ७१, वेग ५८. ब्रँडन: प्लेस किकिंग ७७, कर्ल ७६, लॉफ्टेड पास ७६, फिजिकल कॉन्टॅक्ट ५८. पर्सेपोलिसविरुद्ध पहिल्या सामन्यातला गोल या दोघांचाच: ब्रँडनची फ्री किक, बेदियाचं हेडर. भारतीय क्लबने या स्पर्धेच्या गटसाखळीत केलेला तो पहिला गोल. गेममध्ये तसा गोल पडायला हेडिंगपेक्षा जंप आणि ऑफेन्सिव्ह अवेअरनेस जास्त लागतात, म्हणून बेदियाचे ते दोन्ही आकडे ७२ वर ठेवले आणि बाकी हात लावला नाही.

आशियाई नियमानुसार तेव्हा तीन परदेशी अधिक एक आशियाई एवढेच खेळाडू नोंदवता यायचे. इव्हान गोन्झालेस, बेदिया, ऑर्टिझ आणि चौथा ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाकी. इगोर अँग्युलोला या संघात घेऊ नका, तो लीगमधला गोव्याचा प्रमुख गोल करणारा असला तरी. त्याला घेतलं की सगळी मोजपट्टी वाकते.

डावपेच: ४-२-३-१. पझेशन, शॉर्ट पास, पोझिशनिंग फ्लेक्सिबल, सपोर्ट रेंज ४. बचावात ऑल-आउट डिफेन्स, डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी किती पुढे उभी राहते) ४, कॉम्पॅक्टनेस ८. तेव्हाचे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांचा संघ लीगमध्ये याहून वर खेळायचा. इथे लाइन ६ केली की पाठीमागे टाकलेल्या लांब चेंडूंवर पर्सेपोलिस हवं तेव्हा गोल करतो. सॅन्सन परेरा आणि सेव्हिअर गामा या दोन्ही फुलबॅकना आक्रमक शैली देऊ नका. पुढे गेले की ग्लॅन एकटा पुरत नाही.

आत्ताची अडचण अल रय्यानची. त्यांच्याविरुद्धचे सामने अजून फार मोकळे होतात, दोन्हीकडून गोल पडतात. कारण गोव्याच्या बाजूला नसून अल रय्यानच्या हाताने बनवलेल्या विंगरमध्ये आहे, असं दिसतंय. त्यांचा प्रवेग तीन-चार अंकांनी उतरवून पुन्हा बघायचंय.

मुंबई सिटी

आकाशी किट झालं, खेळाडू निम्मे झाले. इथली मोजपट्टी रियाधचा सामना: ११ एप्रिल २०२२, इराकच्या अल कुवा अल जाविया क्लबवर २-१, भारतीय क्लबचा या स्पर्धेतला पहिला विजय. दिएगो मॉरिसिओची पेनल्टी आणि मुंबईकर राहुल भेकेचं हेडर. तेव्हाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा संघ गोव्यापेक्षा वर दाबून खेळायचा, त्यामुळे फ्रंटलाइन प्रेशर (पुढूनच दबाव टाकण्याची बचावशैली) आणि लाइन ६ पासून सुरुवात करतोय. भेकेला हेडिंग ७३, जंप ७५ दिलंय. पण नुसत्या आकड्यांनी तो कॉर्नरला पुढे जात नाही. गेम प्लॅनमध्ये सेट पीसला हल्ल्यात जाणारे खेळाडू वेगळे निवडावे लागतात, तिथे त्याचं नाव टाकलं की तो गोलसमोर दिसायला लागतो.