कोंबड्या कुणाच्या घरी आहेत?

जानेवारी २०२१. कोविडमुळे आमचं प्राणिसंग्रहालय कित्येक महिने बंदच होतं, त्यामुळे प्रेक्षकांची काळजी नव्हती. काळजी होती ती तिकीट न काढता वरून उतरणाऱ्यांची. पक्षी विभाग माझ्याकडे होता. आमच्या पेलिकन आणि चित्रबलाकांच्या तळ्यावर जाळी नाही. संध्याकाळ झाली की रातबगळे आणि पाणकावळे उतरतात, उरलेली मासळी मटकावतात आणि त्याच पाण्यात शिटून जातात. एरवी मी स्वतः थांबून बघते. पण परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्याची बातमी ताजी होती, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात बर्ड फ्लूने पाणपक्षी दगावले, संग्रहालय बंद करावं लागलं, हे आमच्यातलं कुणीच विसरलं नव्हतं.

अशात सकाळी मामांचा फोन. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कीपर.

“मॅडम, पेलिकनच्या तळ्याकडं कावळा पडलाय. हात नाय लावला. वर घमेलं पालथं घातलंय.”

घमेलं पालथं घालायला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कावळ्यांनी टोचू नये, कुत्र्या-मांजराने ओढू नये, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. डॉक्टर आले, पीपीई चढवली, कावळा एकात एक तीन पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत गेला. पशुसंवर्धन विभागामार्फत नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेला जायचा होता. म्हणजे उत्तर येईपर्यंत आजार आहे असंच धरून चालायचं.

प्रत्येक दाराशी चुन्याची रेघ आणि बूट बुडवायला पोटॅशियम परमँगनेटच्या जंतुनाशक पाण्याचा टब. याबाबत परिपत्रकात एक गोष्ट नसते. चिखलाने, शिटीने माखलेला बूट त्यात बुडवून काही होत नाही. घाणच औषध खाऊन टाकते. आधी ब्रशने खसाखसा घासायचं, मग बुडवायचं, आणि जांभळं पाणी तपकिरी झालं की ओतून नवं करायचं. प्रत्येक पिंजऱ्याला स्वतःचा झाडू, स्वतःची बादली. घुबडं आणि घारींचं चिकन बंद. इथवर सगळं बिनबोभाट झालं.

मग मी कीपर लोकांना जांभळाखाली जमवलं आणि विचारलं, “कोंबड्या कुणाच्या घरी आहेत?”

सगळे गप्प. जो तो आपल्या चपलेकडे बघत होता. मला ठाऊक होतं की बहुतेकांच्या परसात चार-दोन गावरान कोंबड्या आहेत. दिवाळीत त्यांचीच अंडी मला मिळत. गप्प बसण्याची कारणंही ठाऊक होती. निम्मे कीपर कंत्राटी. काम नाही तर पगार नाही. वर २००६ सालचं नवापूर लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथे सापडला आणि पोल्ट्र्याच्या पोल्ट्र्या मारून पुरल्या. कोंबड्या आहेत म्हणून कबूल करायचं म्हणजे उद्या सरकारी गाडी दारात, अशी धास्ती.

“माझ्याकडं अकरा हैत,” मामा म्हणाले. “बायको अंडी विकती.”

त्यांच्यामागून हळूहळू हात वर आले. नऊ जणांतले सहा. फेझंट (कोंबडीच्या कुळातले रानपक्षी), पेलिकन, मोर सांभाळणारी सगळी महत्त्वाची माणसं त्या सहांत. साथीच्या दिवसांत नियम साधा आहे: ज्याच्या घरी कोंबड्या, त्याने पक्ष्यांत यायचं नाही. बुटाच्या तळाला लागून विषाणू दोन्ही दिशांनी जातो. आमच्याकडून त्यांच्या परसात जाण्याची भीतीही तेवढीच.

वरून सूचना आली की सहाही जणांना घरी बसवा. कागदावर बरोबरच होती. मी अधीक्षकांकडे जाऊन बसले. खरं बोललेल्यांची रोजी कापली तर पुढच्या वेळी एकही हात वर होणार नाही, आणि लपवलेली कोंबडी मेलेल्या कावळ्यापेक्षा जास्त घातक. अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी ठरलं ते असं: आमचे सहा जण हरणं आणि नीलगायींकडे, तिकडचे सहा जण आमच्याकडे, पगार सगळ्यांचा चालू. त्यांच्या घरी कोंबड्या नाहीत, हे आधी विचारून घेतलं.

कागदावर अदलाबदल पाच मिनिटांची. दुपारी हरणांकडचा एक पोरगा पांढऱ्या पीपीईत सिल्व्हर फेझंटच्या पिंजऱ्यात शिरला आणि आत हलकल्लोळ. फेझंट बिथरला की आडवा पळत नाही, बंदुकीच्या गोळीसारखा सरळ वर उडतो. एका नराने डोकं जाळीवर आपटून टाळू सोलून घेतली. पोरगा जागीच थिजला.

चुन्याच्या रेघेपलीकडून मामा ओरडले, “खाली बस! बसून राहा! त्यांच्याकडं बघू नको!”

तो बसला. पक्षी हळूहळू शांत झाले. मामांनी रेघेवर पाऊल टाकलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “त्यांनी जन्मात पांढरं माणूस बघितलं नाय मॅडम. खाकी घाला वरनं.”

बाहेरची खाकी आत नेणं मला चालणार नव्हतं. स्टोअरमधून नवे कोरे खाकी शर्ट काढले, पीपीईवरून चढवायला. ते विभागातच टांगायचे, विभागातच हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात धुवायचे. दुसऱ्या फेरीला तोच पोरगा खाकीत, मामांनी शिकवलेली शीळ घालत आत गेला. फेझंट कोपऱ्यात सरकले, पण उडाले नाहीत. जखमी नराला डॉक्टरांनी औषध लावून वेगळं ठेवलं.

संध्याकाळपर्यंत मामा रेघेपलीकडे स्टूल टाकून बसले. कुठल्या मोराला दाणे आधी टाकायचे, कुठला पेलिकन मासा हातातूनच घेतो, कुठली एमू मागून गेलेलं खपवून घेत नाही, सगळं ओरडून सांगत. हरणांना चारा टाकायचा राहिला म्हणून तिकडून बोलावणं आलं तेव्हा, “हरणांना काय, ती खात्यातच,” असं म्हणून नाइलाजाने उठले.

भोपाळचा अहवाल निगेटिव्ह आला. कावळा कशाने मेला ते कळलं नाही. मामा फेझंटकडे परतले, अकरा कोंबड्या घरी तशाच आहेत. आता सगळेच कीपर विभागात आले की अंघोळ करून कपडे बदलतात, आणि हजेरीपटात ‘घरी कोंबड्या’ असा रकाना आहे. हरणांकडच्या त्या पोराने मात्र परत जायला नकार दिला. त्याची बदली मंजूर करून घ्यायला मला कावळ्याच्या नमुन्यापेक्षा जास्त कागद लागले.